इंदूरच्या ख्रिस्ती महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंसेवी सेवाकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्र सुरू झालं की सेवागटाच्या संयोजकांकडे तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नाव नोंदवण्याआधी निदान कायद्याबद्दलचा आणि मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचा भाग पूर्ण वाचा. बाकीचं ज्याला जे लागेल ते.

सेवाकार्यात नेमकं काय काय येतं?

दोन प्रकारची कामं येतात. हा फरक आधीच पक्का करून घ्या, कारण पुढचे निम्मे नियम त्यातूनच निघतात.

पहिला प्रकार मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) आतल्या सेवेचा: शब्बाथशाळा (रविवारचा मुलांचा धर्मवर्ग), तरुण संघ, गायनगट, उपासनेची तयारी, मंडळीतल्या वृद्धांच्या आणि आजाऱ्यांच्या भेटी. इथे शास्त्रपाठ (बायबलवाचन), प्रार्थना, गीतं सगळं मोकळेपणानं चालतं, कारण समोरची माणसं आपल्याच उपासनेतली असतात.

दुसरा प्रकार गावासाठीच्या सेवेचा: वस्तीतला अभ्यासवर्ग, रुग्णालयात नातेवाइकांना मदत, अन्नवाटप, रक्तदान, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून बसणं. इथे तुम्ही ख्रिस्ताच्या प्रेमापोटी जाता, पण त्या बदल्यात समोरच्यानं काहीही द्यावं अशी अपेक्षा ठेवायची नाही. दोन शब्द ऐकून घ्यावेत, एवढीसुद्धा नाही. भुकेल्याला जेवू घाला असं सांगताना प्रभूनं त्याला कुठली अट जोडली नव्हती.

मी ख्रिस्ती नाही, पण याच कॉलेजात शिकतो. मला येता येईल का?

हो. दुसऱ्या प्रकारच्या कुठल्याही कामात या. इंदूर ख्रिश्चन कॉलेज कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये सुरू केलं, आणि अशा महाविद्यालयांमध्ये सर्व धर्मांची मुलं पहिल्यापासून शिकत आली आहेत. सेवेच्या आधी गटाची छोटी प्रार्थना असते. तिला थांबायचं की पाच मिनिटं उशिरा यायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. संविधानाच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान (अल्पवयीन) असेल तर पालकांची संमती लागते. त्यामुळे कुणी जबरदस्ती केली तर संयोजकांना सांगा. तक्रार करायला संकोचू नका.

किती वेळ द्यावा लागेल?

आठवड्याला दोन ते अडीच तास, आणि निदान एक पूर्ण सत्र. यापेक्षा जास्त वेळ देतो म्हणणाऱ्यांना आम्ही सुरुवातीला थांबवतो. जुलैत चार ठिकाणी नाव घालणारा विद्यार्थी बहुतेक सप्टेंबरच्या अंतर्गत परीक्षांपर्यंत चारही ठिकाणांहून गायब होतो. त्याचा फटका त्याला बसत नाही, तो बसतो वस्तीतल्या दुसरीच्या मुलीला. नुकतं कुठं तिला दादाचं नाव पाठ झालेलं असतं. म्हणून एकच काम, ठरलेला वार, ठरलेली वेळ.

सत्राची आखणी करताना वहीत आधी सुट्ट्या आणि परीक्षा मांडा. देवी अहिल्या विद्यापीठाच्या परीक्षांच्या तारखा पुढेमागे होतात, तेव्हा दोन आठवड्यांची मोकळीक धरा. गणेशोत्सवात आणि दिवाळीत वस्तीतली मुलं कमी येतात. रंगपंचमीला गेरमुळे (रंगांच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, त्या दिवशी त्या भागात काही ठेवू नका. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टर परीक्षेच्या तोंडावर येतात. गायनगटानं त्यांचा सराव उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करावा.

मध्य प्रदेशातल्या धर्मांतर कायद्याचा आमच्या सेवेशी काय संबंध?

मोठा संबंध आहे, आणि तो प्रत्येक स्वयंसेवकानं समजून घेतलाच पाहिजे. घाबरण्यासाठी नाही, नीट वागण्यासाठी.

मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम २०२१ नुसार खोटी माहिती, प्रलोभन, धमकी, बळ, दबाव, लग्न किंवा फसवणूक या मार्गांनी धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. शिक्षा १ ते ५ वर्षं आणि किमान २५ हजार रुपये दंड. अज्ञान व्यक्ती, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल तर २ ते १० वर्षं आणि किमान ५० हजार. एकाच वेळी दोन किंवा अधिक व्यक्तींचं धर्मांतर सामूहिक मानलं जातं: ५ ते १० वर्षं आणि किमान १ लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. धर्मांतर बेकायदा नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आरोपीवरच येते.

विद्यार्थ्याच्या दृष्टीनं कळीची गोष्ट म्हणजे प्रलोभनाची व्याख्या. तिच्यात भेटवस्तू, रोख किंवा वस्तुरूप लाभ, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नावाजलेल्या शाळेत शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन, ईश्वरी कृपेचं आश्वासन असं बरंच काही येतं. म्हणजे वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवलेलं एखादं पत्रक, खिचडीच्या रांगेत म्हटलेलं गीत, "प्रार्थना केलीस तर आई बरी होईल" असं मुलाला सहज बोललेलं वाक्य: यातला तुमचा हेतू कितीही निर्मळ असला तरी अर्थ वेगळा काढला जाऊ शकतो. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी गरजू माणसाला वस्तू देताना त्याच हातानं विश्वासाची गोष्ट पुढे करणं आम्हाला चुकीचंच वाटतं. त्याला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रकारच्या सेवेत हे पाळा:

- पत्रकं, शास्त्राच्या प्रती, क्रूस, कॅलेंडर यांपैकी काहीही सोबत न्यायचं नाही.
- वाटपाच्या ठिकाणी प्रार्थना, गीत, भाषण नाही. गटाची प्रार्थना निघण्याआधी कॉलेजात किंवा चर्चमध्ये.
- कुणी विश्वासाबद्दल आपणहून विचारलं तर खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. लपवायचं कारण नाही. अधिक बोलायचं असेल तर त्यांनी सवडीनं पाळकांना किंवा फादरना भेटावं असं सांगा.
- कुणी बाप्तिस्म्याबद्दल विचारलं तर विद्यार्थ्यानं काहीही ठरवायचं किंवा कबूल करायचं नाही. कायद्यात धर्मांतराआधी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पूर्वसूचनेची तरतूद आहे. तो विषय पूर्णपणे मंडळीच्या जबाबदार धर्मगुरूंचा आणि त्यांच्या वकिलांचा.

कुणी येऊन आमच्या कामाला हरकत घेतली तर?

वाद घालू नका, मोबाइलवर चित्रीकरण सुरू करू नका. गटप्रमुखानं ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र दाखवायचं, बाकीच्यांनी मुलांना किंवा वृद्धांना शांतपणे घरी पोचवायचं. मग संयोजकांना फोन. पोलीस आले तर नाव, कॉलेज, काम एवढं स्पष्ट सांगा आणि लेखी काही देण्याआधी प्राध्यापक येईपर्यंत थांबू द्यावं अशी विनंती करा. वस्तीत काम सुरू करतानाच नगरसेवकांना आणि जवळच्या ठाण्याला कामाची माहिती देणारं पत्र दिलेलं असलं तर अशी वेळ क्वचित येते. त्या पत्राची शिक्का मारलेली पोच गटाच्या फाइलमध्ये हवीच.

वस्तीतला अभ्यासवर्ग कसा चालवायचा?

सर्वांत जास्त स्वयंसेवक इथेच लागतात, आणि सर्वांत जास्त चुका होतात त्याही इथेच.

पंधरा मुलांमागे तीन स्वयंसेवक, त्यांत निदान एक मुलगी. वर्ग पाऊण ते सव्वा तासाचा, उघड्या किंवा सहज दिसणाऱ्या जागेत: समाजभवन, अंगणवाडीचा ओटा, झाडाखालचा पार. कुणाच्या घरातल्या आतल्या खोलीत कधीही नाही.

पहिल्या आठवड्यात शिकवू नका. प्रत्येक मुलाला एकेकटं समोर बसवून, पण सगळ्यांच्या नजरेसमोर, वाचायला द्या: आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. जिथे अडेल ती त्याची पातळी. गट या पातळीवरून पाडा, इयत्तेवरून नाही. पाचवीतला मुलगा अक्षरांवर अडत असेल तर त्याला पाचवीचं पुस्तक देऊन उपयोग नाही. मात्र त्याला पहिलीच्या मुलांत बसवलंत तर तो लाजून पुढच्या वेळी येणारच नाही. मोठ्या मुलांचा वेगळा अक्षरगट करा आणि त्यांना वजनं, भाव, बसचे फलक असे मोठ्यांचे शब्द वाचायला द्या.

वेळेची विभागणी साधारण अशी: हजेरी आणि हात धुणं १० मिनिटं, वाचन २५, गणित २५, शाळेचा गृहपाठ १५. गृहपाठ शेवटीच घ्या. तो आधी घेतला तर सगळा वेळ त्यातच जातो आणि वाचन मागे पडतं.

मुलं घरी निमाडी, माळवी, भिली किंवा मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी शिकतात. तुम्ही मराठी घरातले असाल तर तुमच्या हिंदीत मराठी वळणं येतील, त्याची काळजी नको. पण लिहिताना काळजी घ्या. मराठीतला ळ आणि मराठी पद्धतीचा ऱ्हस्व-दीर्घ वहीत उतरला की शाळेत मुलाला लाल रेघ बसते.

खाऊचा मोह टाळा. बिस्किटं सुरू केली की पुढच्याच आठवड्यात पंधराची तीस मुलं होतात, आणि बंद केली की दहाच उरतात. पेन्सिल, पाटी, खोडरबर वर्गातच ठेवा, घरी वाटू नका. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी भागात भगोरिया (आदिवासींचा जत्रांचा सण) असतो. तिथली मजूर कुटुंबं गावी जातात आणि काही जण लगेच परतत नाहीत. हजेरी घसरली म्हणून वर्ग बंद करू नका, परत आलेल्या मुलांची पातळी पुन्हा तपासून घ्या.

मुलांसोबत काम करण्यासाठी कोणती अट आहे?

चार अटी आहेत आणि त्यांत सूट नाही, मग अर्जदार बिशपांच्या ओळखीचा असला तरी.

पहिली, पोलीस चारित्र्य पडताळणी. मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून अर्ज करता येतो. आधार आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. वसतिगृहात राहणाऱ्यांनी कायमचा आणि सध्याचा, दोन्ही पत्ते द्यावेत. पडताळणी बहुतेक पत्ता न जुळल्यामुळेच अडते.

दुसरी, दोन मोठ्यांचा नियम. कुठलंही मूल एकट्या स्वयंसेवकासोबत बंद जागेत, गाडीवर किंवा फोनवर असणार नाही. मुलाला घरी सोडायचं तर दोघांनी.

तिसरी, फोटो नाहीत. अहवालासाठी हवेच असतील तर पालकांची लेखी परवानगी घेऊन, पाठमोरे किंवा हातांचे. स्वतःच्या स्टेटसवर एकही नाही. मुलांचे नंबर घ्यायचे नाहीत, पालकांचे गटप्रमुखाकडेच राहतील.

चौथी, लैंगिक अत्याचाराची शंका आली तर ती कळवणं बंधनकारक आहे. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार ही जबाबदारी प्रत्येकाची आहे आणि न कळवल्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे. "आधी घरच्यांशी बोलू, मंडळीत मिटवू" हे चालणार नाही. मुलाची उलटतपासणी घेऊ नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. त्यानं जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा, तारीख-वेळ टाका, त्याच दिवशी १०९८ वर किंवा पोलिसांना कळवा आणि संयोजकांना सांगा. आरोप ज्याच्यावर आहे तो पाळक, शिक्षक किंवा गटातलाच कुणी असला तरी क्रम हाच.

शब्बाथशाळेत शिकवायला आवडेल. तयारी कशी करू?

मंडळीतल्या शिक्षकांसोबत तीन रविवार नुसतं बसा, मग चौथ्या रविवारी धडा घ्या. वर्ग ४० मिनिटांचा. वयाचे गट साधारण ४ ते ६, ७ ते १० आणि ११ ते १४. एका धड्यात एकच गोष्ट, एकच वचन, एकच कृती. तयारी गुरुवारपर्यंत व्हावी. शनिवारी रात्री तयार केलेल्या धड्यात गोष्ट पाठ नसते, म्हणून शिक्षक वाचून दाखवतो आणि तिसऱ्या मिनिटाला मुलं एकमेकांच्या चपला लपवायला लागतात.

गोष्ट पुस्तक मिटून सांगा. तात्पर्य सांगायची घाई करू नका. "मग त्या मेंढपाळानं नव्याण्णव मेंढरं सोडून जायला हवं होतं का?" असं विचारा आणि खरोखर थांबा. मोठ्या गटात कुणीतरी नाही म्हणेल. तिथूनच चांगली चर्चा सुरू होते.

इंदूरची एक अडचण ध्यानात ठेवा. मराठी घरातली मुलं मराठी बोलतात, पण शाळेत हिंदी आणि इंग्रजी वाचतात, आणि अनेकांच्या हाती हिंदी शास्त्र असतं. तुम्ही "स्तोत्रसंहिता" म्हणालात की मूल "भजन संहिता"पाशी थांबत नाही, पुढे पानं उलटत राहतं. मत्तयला हिंदीत मत्ती, योहानला यूहन्ना. वचन फळ्यावर दोन्ही नावांनी लिहा. पाठांतर एका सत्रात एकाच भाषेतलं ठेवा, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होते.

गायनगटात वाद्य वाजवता येत नाही, तरी येऊ का?

या. आवाज लागतोच, शिवाय गीतांचे शब्द मोठ्या अक्षरांत लिहिणारा, ध्वनियंत्रणा लावणारा आणि खुर्च्या मांडणाराही लागतो. मराठी भजनं टाळ-तबल्यावर आणि हिंदी-इंग्रजी गीतं की-बोर्डवर अशी सोय बहुतेक ठिकाणी असते. सराव मंडळीच्या पट्टीत करा, गायकाच्या नाही. तरुण मुलं उंच पट्टी धरतात आणि मागच्या बाकांवरचे आजी-आजोबा गप्प होतात.

नाताळच्या गीतफेरीसाठी घरांची यादी आधी करा आणि फक्त बोलावलेल्या घरीच जा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. खरं तर घरोघरी गाताना ध्वनिवर्धक लागतच नाही, एक गिटार किंवा ढोलक पुरते.

रुग्णालयात जाऊन आम्ही काय करणार?

एम. वाय. रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं येतात. त्यांची खरी अडचण असते ती कागद, रांगा आणि मजले. चिठ्ठी कुठल्या खिडकीवर, तपासणी कुठे, आयुष्मान कार्डाचा काउंटर कुठे, हे वाचून दाखवणारा आणि सोबत चालणारा माणूस त्यांना औषधाइतकाच उपयोगी पडतो. हे काम प्रशासनाच्या लेखी परवानगीनंच करायचं. अर्जात कॉलेजचं पत्र, स्वयंसेवकांची नावं, वार आणि वेळ लिहा. परवानगी ज्या विभागाची असेल त्याच्या बाहेर जाऊ नका.

वॉर्डात जाण्याआधी आणि बाहेर पडल्यावर साबणानं ४० ते ६० सेकंद हात धुवा. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद चोळा. सर्दी-ताप असेल तर त्या आठवड्यात येऊ नका. खोकणाऱ्या रुग्णांच्या वॉर्डात मास्क लावा. खाटेवर बसू नका, सलाइनला हात लावू नका, खायला काही देऊ नका. मधुमेह, पथ्य, शस्त्रक्रियेआधीचा उपवास, यातलं काय चालू आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. औषधांबद्दल मत देऊ नका, काढ्याबद्दलही नाही. "तुम्हाला काय झालंय?" असं विचारण्यापेक्षा "काही आणून देऊ का?" विचारा.

आपल्या मंडळीतल्या आजाऱ्याला भेटायला गेलात तर दहा मिनिटं पुरेत. प्रार्थना त्यांनी मागितली तर करा, हळू आवाजात, लहान. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ती ऐकायला लावू नये.

वृद्धांच्या घरी भेटीला जायचं तर?

रामबाग, सुदामानगर, स्नेहलतागंज अशा भागांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ख्रिस्ती घरं त्यांच्या मानानं थोडी असली, तरी त्यांतल्या अनेक आजी-आजोबांची मुलं पुण्या-बंगळुरूला असतात. त्यांना मराठी शास्त्र वाचून दाखवणारा कुणीतरी हवा असतो. जाताना दोघे जा आणि आदल्या दिवशी फोन करा. वाचन त्यांच्याच जुन्या प्रतीतून करा. त्यांना पाठ असलेले शब्द नव्या भाषांतरात बदललेले असतात आणि ते ऐकताना त्यांना अडखळायला होतं. उजेडाकडे तोंड करून बसा, म्हणजे तुमचे ओठ दिसतील. ऐकू कमी येणाऱ्याला त्याची मोठी मदत होते. ओरडू नका, सावकाश वाचा.

पैशाचे व्यवहार करू नका: बँकेचं पासबुक नाही, एटीएम नाही, ओटीपी तर नाहीच. औषधं आणायची असतील तर बिल आणि उरलेले पैसे त्याच वेळी हातात द्या आणि भेटीच्या वहीत लिहा. घरात छळ होत असल्याचं दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आहे.

अन्नवाटपासाठी किती आणि कसं बनवायचं?

पन्नास माणसांच्या खिचडीला तांदूळ साडेतीन किलो, मूगडाळ पावणेदोन किलो, पाणी २० ते २२ लिटर, तेल अर्धा लिटर. मीठ २०० ग्रॅमपासून सुरुवात करून चव घेत वाढवा. पातेलं ४० लिटरचं हवं. लहान पातेल्यात ढवळायला जागा राहत नाही आणि तळ लागतो. एकदा तळ लागला की करपट वास सगळ्या खिचडीला येतो, तेव्हा मंद आच आणि जाड बुडाचं भांडं. वाटपाच्या जागी पोचेपर्यंत खिचडी आळते, म्हणून तीन लिटर उकळतं पाणी थर्मासमध्ये सोबत घ्या. सकाळचं वाटप असेल तर पन्नास जणांना साडेतीन ते चार किलो पोहे पुरतात.

शिजल्यापासून दोन तासांत वाटून संपवा. एप्रिल-मे मध्ये दही, ताक, नारळ, उकडलेला बटाटा टाळा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाटायचं नाही. जखमी हाताच्या किंवा पोट बिघडलेल्या स्वयंसेवकानं स्वयंपाकघरात येऊ नये.

इंदूरकरांना कचऱ्याबद्दल सांगायला नको, पण पाहुण्या गटांना सांगावं लागतं: ओला-सुका वेगळा, आणि वाटप झाल्यावर जागा आधीपेक्षा स्वच्छ. स्टीलच्या ताटल्या न्या, धुवायला दोन माणसं जास्तीची धरा. खाणाऱ्यांचे फोटो घ्यायचे नाहीत.

लेखनिक म्हणून बसायला काय लागतं?

स्वच्छ अक्षर, संयम, आणि परीक्षेच्या आधी त्या विद्यार्थ्यासोबत निदान दोन सराव बैठका. लेखनिकाच्या शैक्षणिक पात्रतेचा नियम परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून दर वेळी तपासून घ्या, त्यात बदल होत असतात. अशा परीक्षार्थीला दर तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात, तेव्हा तीन तासांच्या पेपरला चार तास मोकळे ठेवा. तो सांगेल तेच लिहा. चुकीचं उत्तर दुरुस्त करणं ही मदत नव्हे, कॉपी आहे. ऐन वेळी न आलात तर एका विद्यार्थ्याचं वर्ष जाऊ शकतं. खात्री नसेल तर हे काम घेऊ नका.

रक्तदान शिबिरात कोण देऊ शकतं?

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा अधिक. दोन दानांमध्ये पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. उपाशीपोटी येऊ नका. हॉस्टेलची मुलं नाश्ता न करता येतात आणि भोवळ येऊन पडतात. देऊ न शकणाऱ्यांनी नोंदणी सांभाळावी.

खेड्यातल्या शिबिराला जायचं असेल तर?

पहिल्या वर्षी नाही. तिथल्या धर्मप्रांताचं किंवा मंडळीचं बोलावणं, पंचायतीला माहिती, पालकांचं संमतीपत्र आणि एक स्त्री व एक पुरुष प्राध्यापक एवढं असल्याशिवाय गट निघत नाही. पाणी उकळून प्या, प्रथमोपचाराची पेटी न्या, मच्छरदाणी न्या. तिथे शिकवायला जात नाही, त्यांनी सांगितलेल्या कामाला हात लावायला जातो.

देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला अनेक गट जातात. सिस्टर राणी मारिया तिथे भूमिहीन मजुरांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी झटल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच त्यांना धन्य (कॅथलिक परंपरेत संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आलं. तिथे जाणार असाल तर त्यांनी बचत गट आणि कर्ज यांवर काय काम केलं ते आधी समजून घ्या. नुसतं कबरीचं दर्शन घेऊन परतलात तर निम्मंच पाहिलंत.

कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेन्टेकॉस्टल सगळे एकाच गटात कसे?

काम एकत्र, उपासना ज्याची त्याची. कॅथलिकांच्या लाल चर्चचा विद्यार्थी आणि सीएनआयच्या व्हाइट चर्चचा विद्यार्थी एकाच वस्तीत शिकवतात, त्यात अडचण येत नाही. कॅथलिक मिस्सामध्ये (उपासनेत) इतर मंडळींच्या सभासदांनी प्रभुभोजन घ्यायचं नसतं. हे आधी सांगून ठेवलं की रांगेत कुणी अवघडत नाही. प्रार्थनेची पद्धत, बाप्तिस्मा, प्रार्थनेत अन्य भाषांत बोलणं यांवरचे वाद सेवेच्या वेळात नकोत.

यातून एनएसएसचे तास मिळतात का? प्रमाणपत्र?

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० म्हणजे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. तास फक्त तुमच्या युनिटच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी आधी मंजूर केलेल्या कामाचे धरले जातात. शब्बाथशाळा किंवा गायनगट त्यात मांडू नका. आमचं प्रमाणपत्र सत्रातली ८० टक्के हजेरी असेल तरच, आणि त्यावर प्रत्यक्ष तास लिहिलेले असतात.

मित्रांकडून, परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे गोळा करून दिले तर चालतील?

स्वतःच्या खात्यात किंवा क्यूआर कोडवर गोळा करू नका. देणगी संस्थेच्या खात्यात आणि पावतीसह. सेवाकार्यासाठी परदेशी पैसा फक्त एफसीआरए २०१० (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते, तोही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. काकांनी तुमच्या वैयक्तिक खात्यात "वस्तीच्या मुलांसाठी" पाठवलेले पैसे तुम्हालाही अडकवू शकतात आणि संस्थेलाही.

जमेनासं झालं तर सोडता येईल का?

येईल. दोन आठवडे आधी सांगा, तुमच्या मुलांची किंवा आजींची वही पुढच्या स्वयंसेवकाकडे द्या, आणि शेवटच्या वेळी जाऊन निरोप घ्या. न सांगता गायब होऊ नका. वॉर्डात किंवा वस्तीत पाहिलेलं काही मनातून जात नसेल, झोप लागत नसेल, तर ती विश्वासाची कमतरता नाही. संयोजकांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर हिंदीतून आणि मराठीतूनही बोलता येतं.

नाव कसं नोंदवायचं आणि पहिल्या दिवशी काय आणायचं?

अर्जासोबत कॉलेज ओळखपत्राची प्रत, एक फोटो, घरच्या एका व्यक्तीचा नंबर, आणि मंडळीतल्या कामासाठी पाळकांचं किंवा फादरचं पत्र. मुलांसोबतच्या कामासाठी पडताळणीची पावती. त्यानंतर दोन तासांची माहिती बैठक. तिला न येणाऱ्याला काम दिलं जात नाही.

पहिल्या दिवशी ओळखपत्र गळ्यात, बंद पायाचे बूट, साधे कपडे, पाण्याची बाटली, एक वही आणि दोन पेनं. दहा मिनिटं आधी पोचा. संध्याकाळचं काम सातच्या आत संपतं. मुलींना परतायला सिटी बस किंवा सोबत ठरलेली आहे की नाही, हे गटप्रमुख निघण्याआधीच विचारून घेतील.